पाज, ठेव, सांड

आमच्या भागात दारूबंदी आली आणि दारव्ह्याच्या लोकांना एकदम अशक्तपणा आला. ज्यांच्या प्रकृतीबद्दल त्याआधी कोणी चकार शब्द काढला नव्हता, अशी धडधाकट माणसं दिवेलागणीला सदाशिवराव वैद्यांच्या दुकानापुढे मान खाली घालून उभी राहू लागली. कोणाची भूक गेली होती, कोणाची कंबर धरली होती, कोणाला नुसतंच 'कसंतरी' होत होतं. या सगळ्यांवर सदाशिवरावांकडे एकच इलाज होता. तो काळपट लाल रंगाचा होता, त्यात मनुका होत्या, धायटीची फुलं होती, गूळ होता, आणि महिनाभर बरणीत तोंड बांधून ठेवल्यामुळे त्यात आणखीही काहीतरी आपोआप तयार झालेलं असे. त्या काहीतरीचा उल्लेख सदाशिवराव कधी करत नसत. बाटलीवर चिठ्ठी असायची: जेवणानंतर दोन चमचे, तेवढ्याच पाण्यातून. चमचा केवढा, हे मात्र लिहिलेलं नसायचं.

या रांगेत खरोखर आजारी असा एकच माणूस होता, आणि त्याच्या आजारावर कोणाचाच विश्वास बसला नसता. तो म्हणजे गुलाबसिंग राठोड.

दारव्ह्याहून नेरकडे जाताना एक बोडकी टेकडी लागते, तिच्या पायथ्याच्या तांड्यात गुलाबसिंग राहायचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले. त्याच्या बापाने बैलांच्या पाठीवरचं ओझं उतरवलं, मानेवर जू ठेवलं आणि कापूस पेरला. गुलाबसिंगही तेच करत होता. शेतकरी म्हणून तो बरा होता. नांगराचे तास वाकडे पाडायचा, पण मनापासून पाडायचा. अंगाने उंच आणि वाळका, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. चालायचा असा, की काहीतरी घरी विसरून आलाय आणि काय ते आठवेपर्यंत त्याला घाई नाही. या माणसाला दूरदूरच्या तांड्यांत मान होता तो फक्त त्याच्या जिभेमुळे. ती बोलण्यासाठी प्रसिद्ध नव्हती. बोलण्याच्या बाबतीत त्याचे बैल त्याच्यापेक्षा मोकळे होते. ती प्रसिद्ध होती चाखण्यासाठी.

त्या तांड्यांमधली रीत अशी होती. सगाईच्या दिवशी मुलाकडचे दारू घेऊन येतात. गूळ लगेच वाटला जातो, पण दारू तशीच फिरत नाही. आधी ती एका वाटीत ओततात. मुलाच्या तांड्याचा एक आणि मुलीच्या तांड्याचा एक असे दोघे जण त्याच वाटीतून घोट घेतात, आणि दोघांनी बरी म्हटली तरच नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, हात वर करतो. चाखणाऱ्या माणसाला तांड्याचं 'तोंड' म्हणत. तोंडाला तीनच शब्द बोलायची मुभा होती. 'पाज' म्हणजे वाढा. 'ठेव' म्हणजे अजून मुरू द्या. 'सांड' म्हणजे ओतून टाका. सगाईत 'ठेव' म्हटलं की सगाईही ठेवायची, आणि 'सांड' म्हटलं की मुलाकडच्यांनी मान खाली घालून गाड्या जुंपायच्या.

गुलाबसिंग आपल्या तांड्याचं तोंड होता. घोट घेण्याआधी तो पाण्याने चूळ भरायचा, मग वाटी तोंडाला लावायचा आणि टेकडीकडे बघत राहायचा. तो बघत असेपर्यंत तांड्यात कुत्रंसुद्धा भुंकत नसे, असं सांगतात. कुत्र्यांचं मला माहीत नाही, पण माणसं श्वास रोखून बसायची हे मी पाहिलेलं आहे.

सणासुदीच्या दारूबद्दल मात्र त्याला फारसं कौतुक नव्हतं. "सणाची कोनीबी काढते," असं तो म्हणे. "मोहाची फुलं ओतत जा न, झालं. रोजची काढून दाखवा." रोजची दारू कशी हवी, याबद्दल त्याची ठाम मतं होती. ती स्वस्त हवी, कारण रोजची आहे. ती हलकी हवी, कारण सकाळी बैल जुंपायचे आहेत आणि जुंपताना बैल दोनच दिसले पाहिजेत. आणि तरी ती अशी हवी, की दिवसभर उन्हात वाकल्यावर माणसाला संध्याकाळची वाट बघावीशी वाटली पाहिजे. अशी दारू साऱ्या मुलखात एकच बाई काढायची, आणि सुदैवाने ती त्याची बायको होती.

माणीबाई भट्टी लावायची आणि गुलाबसिंग चाखायचा. दोघांचं भांडण रोजचं.

"ठेव," तो म्हणायचा.

"तूच ठेव तुयं तोंड शिक्यावर," ती म्हणायची आणि वाटी भरून त्याच्यापुढे आपटायची. तो ती पिऊन टाकायचा. एक वाटी, रोज, कधी दोन नाही. मग दोघं ओट्यावर बसायची. काय बोलत होती, हे शेजाऱ्यांना कधी कळलं नाही, कारण बोलायची फक्त माणीबाई, आणि तीही हळू.

मग एका पावसाळ्यात तांड्यात ताप आला. माणीबाई त्यात गेली. तिची उस्तवार करताना गुलाबसिंगालाही तो लागला, आणि महिनाभर तो खाटेवर पडून राहिला. उठला तेव्हा आधीच वाळका असलेला हा माणूस नुसत्या मिशांवर उभा होता. तो रडला नाही. बाया त्याच्या दारात बसून त्याच्या रडण्याची वाट बघत राहिल्या, मग ज्वारी निंदायला आली म्हणून उठून गेल्या. सुखी नावाची मुलगी होती; याडीच्या, म्हणजे आईच्या, मागे तिने घर हातात घेतलं. तिने पहिल्या दिवशी भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. गुलाबसिंगाने खाल्ला. तोंडात काहीच झालं नाही. त्याने आणखी ठेचा घेतला. डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहिलं, पण जिभेला तिखटाची बातमीच नव्हती. मग त्याने गूळ खाल्ला, मीठ खाल्लं, कडुनिंबाचा पाला चावला. सगळं एकाच गावचं.

त्याने हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक दोन गोष्टींसाठी समजूत घालायला आले असते, आणि त्याच्यात एकाही गोष्टीसाठी समजूत घालून घ्यायची ताकद नव्हती. शिवाय तांड्याचं तोंड म्हणून लोक येतच होते. कोणी वाटी पुढे केली की तो चूळ भरायचा, घोट घ्यायचा, टेकडीकडे बघायचा. पूर्वी त्या टेकडीत त्याला काहीतरी दिसत असे. आता नुसती टेकडी दिसायची.

"ठेव," तो म्हणायचा.

'ठेव' हा शब्द त्याला सोयीचा पडला. 'पाज' म्हणायची जबाबदारी नको आणि 'सांड' म्हणून कोणाच्या कष्टावर पाणी ओतायलाही नको. गंमत अशी, की यामुळे त्याचा मान वाढला. पूर्वी तो तिनातल्या दोनांना पाज म्हणायचा, आता एकटा असताना कोणालाच म्हणेना. म्हणजे माणीबाईच्या मागे त्याची जीभ किती कडक झाली, असं लोक कौतुकाने बोलू लागले. सारा तांडा दारू ठेवू लागला. घराघरांत जमिनीखाली मडकी पुरली गेली. नेमकी तेव्हाच दारूबंदी आली, आणि तिच्या मागोमाग पोलीस आले. इतर तांड्यांतली दारू प्यायली गेली होती, त्यामुळे तिथे त्यांच्या हाती फक्त माणसं लागली, तीही झोपलेली. इथे मात्र जिथे काठी ठोकावी तिथे मडकं वाजत होतं. साहेब खूश होऊन गेला. भट्ट्या फुटल्या, पितळी भांडी जप्त झाली आणि तांडा कोरडा पडला.

गुलाबसिंग आपल्या अंगणात उभा राहून हे बघत होता. आपल्यामुळे हे झालं, हे त्याला समजत होतं. वाईट वाटायला हवं, हेही समजत होतं. पण ते वाटणं कुठूनतरी निघायला हवं होतं, आणि ते निघालं नाही.

अशातच सुखीचं ठरलं. मुलगा नेरकडच्या तांड्यातला होता, बाबूसिंग जाधवाचा पुतण्या. बाबूसिंग हा तिकडच्या तांड्याचं तोंड. गोल, हसरा, गालात तंबाखूची गोळी कायमची. जुन्या काळी हा आणि गुलाबसिंग एकमेकांचे वैरी होते. एक पाज म्हणाला की दुसरा सांड म्हणे, आणि लग्नाघरचे हात जोडून दोघांमध्ये उभे राहत. अलीकडे मात्र दोघांचं फार जुळू लागलं होतं. हरिसिंगाच्या पोराच्या लग्नात दोघांनी घोट घेऊन एकमेकांकडे इतका वेळ बघितलं, की म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकदमच दोघं म्हणाले, "पाज." तोंडं कशी असावीत तर अशी, असं लोक म्हणाले.

सगाई चैत्रात धरली. ती ठरवून उठताना नायक रामसिंग गुलाबसिंगाला बाजूला घेऊन गेला. तांड्यातली माणसं आपसात गोर बोली बोलतात. मला ती समजते तेवढी लिहिता येत नाही, म्हणून त्यांच्या तोंडी मी आमची वऱ्हाडी घालतो आहे. बाजारात ते आमच्याशी हीच बोलतात, तेव्हा रागावणार नाहीत.

"ढाणकीकडचं आयकलं का?" रामसिंग म्हणाला.

"काय?"

"लग्नात कोन्या मानसापासून सस्ती दारू घेतली म्हने. दोघायचे डोये गेले. उघडे हायत, पन दिसत नाई काई."

"त्यायच्यात तोंड नोयतं का कोनी?"

"होतं न. त्या दोघायतला एक तोच." रामसिंगाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता भट्ट्या राह्यल्या नाई. बाबूसिंग कुठून आनन, कोनापासून आनन, देव जाने. सारा तांडा पिनार हाय. पन तू हायेस म्हनून मले झोप लागते."

"झोप," गुलाबसिंग म्हणाला.

त्या दिवसापासून मात्र गुलाबसिंग हलला. चैत्राच्या आत त्याला जीभ परत हवी होती. त्याने आपल्या समजुतीप्रमाणे हिशेब मांडला: जीभ रोजच्या वाटीवर वाढली होती, रोजची वाटी बंद झाली म्हणून मेली, तेव्हा एखादी चांगली, स्वस्त, रोजची वाटी शोधून काढली तर जिवंत होईल. आणि कायद्यात बसणारी स्वस्त वाटी साऱ्या तालुक्यात एकाच ठिकाणी मिळत होती.

"वैद्यबुवा, सस्तं काय हाय तुमच्याकडं?"

"आजार काय?" सदाशिवरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"रोजचा हाय."

"रोजचा म्हणजे?"

"रोज संध्याकायी होते."

सदाशिवरावांना हा आजार तोंडपाठ होता. त्यांनी द्राक्षासवाची लहान बाटली काढून दिली. पुढच्या बाजारी गुलाबसिंग पुन्हा आला.

"कसं वाटलं?"

गुलाबसिंग बराच वेळ दाराबाहेर बघत राहिला. "काई नाई," तो म्हणाला, "दुसरं दाखवा."

सदाशिवरावांचा चेहरा पडला. गिऱ्हाईक कोण आहे हे तोवर त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. गुलाबसिंग राठोडाच्या जिभेला आपलं द्राक्षासव काहीच वाटलं नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं. त्यांनी त्या रात्रीपासून मनुका वाढवल्या, धायटीची फुलं निवडून घेतली, बरणी जास्त दिवस बांधून ठेवली. दारव्ह्याचं द्राक्षासव पुढे यवतमाळपर्यंत गाजलं, ते एका चव न लागणाऱ्या माणसामुळे. गुलाबसिंग मात्र प्रत्येक बाजारी नवं काहीतरी नेत राहिला. द्राक्षासव झालं, कुमारी आसव झालं, लोहासव झालं. एकेक वाटी घ्यायची, काहीच होत नाही हे बघायचं, बूच लावायचं आणि बाटली फळीवर मांडायची. एकदा कोणीतरी शिंदी आणून दिली, तीही पिऊन पाहिली. बिचाऱ्या शिंदीने तरी काय करावं?

शेवटी एका बाजारी दुकान रिकामं असताना तो म्हणाला, "वैद्यबुवा, कोनाले सांगू नोका. माही जीभ मेली."

सदाशिवराव उठले. त्यांनी त्याला उजेडात बसवलं, जीभ बाहेर काढायला लावली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली. "लाल आहे, ओली आहे. तापात जाते कधीकधी चव, पण एवढा काळ नाही. गुलाबसिंग, तुझ्या जिभेला काही झालेलं नाही."

"मंग कोनाले झालं?"

या प्रश्नावर सदाशिवरावांच्या दुकानात औषध नव्हतं. म्हणून त्यांनी दशमूलारिष्ट दिलं. ते बाळंतिणीला देतात. गुलाबसिंगाने ते नेलं आणि प्यायलं. त्याला काही झालं नाही, बाळंतिणीला जो फायदा होतो तोही झाला नाही.

घरी सुखीला काय कळत होतं? एकदा वरणात मीठ दोनदा पडलं. एकदा तिने टाकलं, एकदा शेजारच्या शकुबाईने, बोलता बोलता. गुलाबसिंगाने ते सगळं खाल्लं, बोटं चाटली आणि रोजच्यासारखं म्हणाला, "चांगलं झालं." मग सुखी जेवायला बसली आणि पहिल्याच घासाला तिचं तोंड वाकडं झालं. तिने बापाकडे पाहिलं. तो ओट्यावर बसून टेकडी बघत होता. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दामच वरणात मीठ टाकलं नाही.

"कसं झालं, बापू?"

"चांगलं झालं."

त्या घरात न बोलणं आता दोघांनाही सवयीचं झालं होतं. पण ढाणकीकडची बातमी तिनेही ऐकली होती. तेव्हापासून संध्याकाळची वाटी बापापुढे ठेवण्याआधी ती क्षणभर चुलीकडे तोंड करून उभी राहायची, आणि मग वाटी आणायची. गुलाबसिंगाचं तिकडे लक्ष गेलं नाही. त्याचं कशाकडेच जात नव्हतं.

चैत्र आला. टेकडीखालचा मोह फुलला, आणि बायका फुलं वेचून आणून नुसत्याच वाळवू लागल्या, कारण पुढे करायचं काय हे कोणालाच माहीत नव्हतं. सगाईच्या दिवशी सकाळी नेरकडच्या गाड्या आल्या. निंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. गूळ वाटून झाला. रामसिंग नायक पागोटं बांधून मधोमध बसला. बाबूसिंगाने गाडीतून गोणपाट गुंडाळलेला एक टिन उतरवला, पोटाशी धरला आणि नवरदेवासारखा चालत आला.

"काय गुलाबसिंग, जीभ घासून आनली का?"

"आनली."

"घास, घास. आमच्या पुतन्याची सगाई हाय. अन् हे पाय, भट्ट्या बंद हायत तरी मानूस शोधून काढला. सस्ती भेटली, पन माल अस्सल!"

"तू चाखली?"

"म्हंजे काय! मी नाई तं कोन चाखन?"

वाटी भरली. माणसं पुढे सरकली. सुखी घराच्या दाराआड ओढणी पुढे ओढून उभी होती, आणि तिच्या बाजूला शकुबाई तिला चिमटे काढत होती. बाबूसिंगाने गालातली गोळी काढून टाकली, चूळ भरली, घोट घेतला आणि वाटी गुलाबसिंगाच्या हातात दिली. गुलाबसिंगाने चूळ भरली. घोट घेतला. टेकडीकडे पाहिलं.

काही नाही. पाणी नाही, आग नाही. माणीबाईच्या दारूच्या जागी, ठेच्याच्या जागी, गुळाच्या जागी जे होतं, तेच.

त्याने बाबूसिंगाकडे पाहिलं. दोन वर्षं असंच चाललं होतं. बाबूसिंगाचे ओठ हलले की तो आपले हलवायचा. पण बाबूसिंगाचे ओठ हलत नव्हते. बाबूसिंगही त्याच्याकडे बघत होता. दोघं घोट गालात धरून बसले आणि लोक भारावून गेले. एका म्हाताऱ्याने तर हात जोडले.

गुलाबसिंगाने वळून घोट थुंकला.

"सांड?" रामसिंग दचकून म्हणाला. नेरकडची माणसं उठायला लागली.

"सांड नाई."

"मंग ठेव?"

"ठेव बी नाई." गुलाबसिंगाचा आवाज नेहमीसारखाच होता, जणू बाजारभाव सांगतोय. "नायक, मले सांगता येत नाई. मले चवच येत नाई. माणी गेली तवापासून."

दोन वर्षांत त्याने तिचं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. दाराआड शकुबाईचे चिमटे थांबले.

"दोन सालं?" रामसिंग म्हणाला. "अन् हरिसिंगाच्या पोराचं लगन? तिथं तं तू पाज म्हटलं!"

"बाबूसिंगनं म्हटलं म्हनून म्या म्हटलं."

सगळ्यांच्या माना बाबूसिंगाकडे वळल्या. बाबूसिंगाचा घोट अजून गालातच होता. त्याने तो घाईघाईने थुंकला आणि त्याचा गोल चेहरा लालेलाल झाला.

"माह्याकडं कायले पाहता? म्या तं त्याच्याकडं पाहून म्हटलं!"

"म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे! चुन्यानं भाजली जीभ कवाचीच. तंबाखू सुटत नाई. मले वाटे, गुलाबसिंग हाय न, त्याले तं समजते."

"मले वाटे, बाबूसिंग हाय," गुलाबसिंग म्हणाला.

प्रत्येक जण मागच्या काही वर्षांत आपण कुठल्या लग्नात काय प्यायलो, हे मनातल्या मनात आठवत होता. एक जण हळूच पोटावरून हात फिरवत होता. शेवटी मागून कोणीतरी विचारलं, "मंग हा टिन कोनं चाखला?"

"सांगतलं न," बाबूसिंग खाली बघत म्हणाला, "मीच."

तेवढ्यात सुखी दारातून बाहेर आली. सगाईच्या दिवशी मुलीने असं सभेत येऊ नये. शकुबाईने ओढणीचं टोक धरलं, ते तिच्या हातातच राहिलं. सुखी बापाजवळ आली, त्याच्या हातातली वाटी घेतली, नाकाशी नेली, बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावलं आणि बाजूला थुंकली.

"सांड," ती म्हणाली.

हा शब्द बाईच्या तोंडून त्या सभेत कधी निघाला नव्हता. रामसिंगाला रागवायचं होतं, पण रागवायला कुठून सुरुवात करावी हे सुचेना. "तुले काय समजते पोरी याच्यातलं?"

"नायक काका, बापूच्या वाटीतलं आधी मीच चाखतो. रोजच." तिने वाटी त्याच्यापुढे धरली. "हे प्याचं नाई. हे सुतार खुर्चीले लावते."

रामसिंगाने वास घेतला. मग शेजारच्याने घेतला. मग वाटी हातोहात फिरली आणि जो तो नाक मुरडू लागला. पॉलिशचा वास इतका स्वच्छ होता, की नुकत्याच रंगवलेल्या दारापाशी उभं राहिल्यासारखं वाटत होतं. टिन उतरला तेव्हापासून तो वास तिथेच होता. पण कोणी घेतला नव्हता, कारण ते काम तोंडाचं होतं, आणि तोंडं दोन दोन होती.

टिन बांधापलीकडे ओतला. तिथे पुढचा पाऊस येईपर्यंत गवत उगवलं नाही, असं तांड्यात सांगतात. मी बघायला गेलो नाही.

बाबूसिंग निंबाला टेकून खाली बसला. त्याला आत्ता कळत होतं की आपण काय करणार होतो. मुलाकडची माणसं गाड्यांकडे बघत होती. आता सगाई होत नाही हे सगळ्यांनी धरलंच होतं. गुलाबसिंग उठला, घरात गेला आणि हातात मावतील तेवढ्या बाटल्या घेऊन आला. पुन्हा गेला, पुन्हा आणल्या. द्राक्षासव, कुमारी आसव, लोहासव, दशमूलारिष्ट. प्रत्येकीतून फक्त एकच वाटी गेलेली. प्रत्येकीवर सदाशिवरावांची चिठ्ठी: जेवणानंतर दोन चमचे.

"हे कायद्याचं हाय," तो म्हणाला.

घागर आणली. सगळं तिच्यात ओतलं. सुखीने वाटी बुडवली, घोट घेतला, तोंड वाकडं केलं, गूळ मागितला, आणखी गूळ मागितला, पाणी घातलं, पुन्हा घोट घेतला. मग तिने टेकडीकडे पाहिलं. कोणी शिकवलं नव्हतं, पण पाहिलं.

"पाज," ती म्हणाली.

रामसिंगाने हात वर केला.

त्या सगाईची आठवण अजून काढतात. म्हातारा हिरासिंग दोन वाट्या घेऊन घरी गेला आणि त्याची धरलेली कंबर सुटली. एकाची भूक इतकी वाढली, की त्याच्या बायकोने दुसऱ्या दिवशी सदाशिवरावांना शिव्या दिल्या. रामसिंगाने रीत बदलली नाही; ती बदलली असं कबूल केलं असतं तर आधीचं काय, हा प्रश्न आला असता. त्याने एवढंच ठरवलं, की वाटी निंबाखाली येण्याआधी एकदा घरात बायांकडे जाईल, झाकण लावायला. झाकण नीट लागलं नाही, तर ती परत येणार नाही.

सासरी जाण्याच्या आदल्या दिवशी सुखीने दारव्ह्याहून आणलेल्या नव्या बाटल्या ओट्यावर मांडल्या. एकेक बूच काढून चाखली. मग एक उचलून बापापुढे ठेवली. ती सगळ्यांत स्वस्त होती.

"बापू, रोज हीच. दुसरी आनू नोको."

गुलाबसिंगाने ती हातात घेऊन फिरवली. "कशी लागते?"

सुखीने थोडा विचार केला. "याडीच्यासारखी नाई," ती म्हणाली. "पन बरी हाय."

गुलाबसिंगाची जीभ परत आली नाही. पुढच्या काळात मी त्याला अनेकदा पाहिलं. बाजाराच्या दिवशी बाबूसिंग नेरहून यायचा, दोघं सदाशिवरावांच्या दुकानातून ती स्वस्त बाटली घ्यायचे आणि धर्मशाळेच्या पायरीवर बसायचे. बाबूसिंग तंबाखू काढून टाकायचा, चूळ भरायचा, घोट घ्यायचा. गुलाबसिंगही घ्यायचा. मग दोघं बराच वेळ समोर बघत राहायचे, आणि येणारे-जाणारे म्हणायचे, काय चाखतात बघा.

"कशी हाय?" बाबूसिंग विचारायचा.

"सुखी म्हनते, बरी हाय."

"मंग बरीच असन," बाबूसिंग म्हणायचा, आणि वाटी पुन्हा पुढे करायचा.